पिवळा खडा

तांदूळ निवडायचं काम आमच्या घरी आक्काकडे होतं. दुसरं कुठलं काम तिला झेपतच नसे. पाण्याची घागर उचलली की तिला धाप लागे, ओठ जांभळे पडत, आणि माय हातातलं टाकून धावे. म्हणून सकाळचं ऊन उंबऱ्याच्या आत हातभर आलं की आक्का भिंतीला टेकून बसायची, मांडीवर सूप घ्यायची आणि रेशनच्या तांदळातले खडे वेचायला लागायची. त्या तांदळात खडे फार. काळे असत, तांबूस असत, आणि मधूनच एखादा पांढराशुभ्र, अगदी दाण्याच्या मापाचा, तांदळाचं सोंग घेऊन बसलेला. असा एखादा पकडला की आक्काला कोण आनंद व्हायचा. खडे ती अंगणात भिरकावत नसे. पावडरचा एक रिकामा डबा तिनं ठेवला होता, त्यात एकेक टाकायची आणि टाकताना त्याचं नाव घ्यायची. "हे माणिक. हा पाचू. आन हा पाह्य मित्रा, हा तं सरळ सरळ हिरा हाय. राजाच्या मुकुटातून पडला अन् रेशनच्या दुकानात येऊन बसला." तिचं नाव यशोधरा, माझं संघमित्रा. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि घरात हसणारी तेवढी एकटीच होती.

खडा हा शब्द आदिलाबादजवळच्या तामसी गावातल्या आमच्या त्या दोन खोल्यांमध्ये दिवसातून पंचवीस वेळा तरी उच्चारला जायचा. मीठ खड्यांचं होतं, मडक्यात भरून चुलीजवळ ठेवलेलं. हातपंपाचं पाणी गढूळ आलं की माय घागरीत तुरटीचा खडा फिरवायची. तोच खडा बाबा दाढी झाली की गालावरून फिरवत. आक्कानं कडू औषध घेतलं की तिच्या तळहातावर खडीसाखरेचा एक खडा पडायचा आणि मी आशाळभूतासारखी बघत उभी असायची. मंडल कचेरीत कुठल्या शिवारातली कुठली जमीन कुणाच्या नावावर, याची बाबांना खडान्‌खडा माहिती, असं लोक म्हणत. आणि त्याच कचेरीच्या नावानं माय रोज संध्याकाळी खडे फोडायची, कारण बाबा कधी वेळेवर घरी येत नसत. शेजारची तेलुगू बाई चुलीच्या दगडालाही राई म्हणे आणि आपल्या कुड्यांमधल्या लाल खड्यांनाही राईच म्हणे, त्याचं आम्हा दोघी बहिणींना फार हसू यायचं. पुढे मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं. वाक्प्रचारांच्या धड्यात 'खड्यासारखा बाजूला काढणे' यायचं, तेवढं एक मी दर वर्षी गाळायची. पोरं विचारायची, बाई, हे राहिलं. मी म्हणायची, हे परीक्षेला येत नाही.

बाबा कचेरीत गुमास्ते होते. दिवसभर फायली शिवायच्या, जमिनीच्या पहाणीच्या नोंदी उतरवायच्या, शेतकऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचे. मोठं दाभण आणि जाड दोरा त्यांच्या टेबलावर कायम. त्यांच्या बोटांना म्हणून बारीक बारीक भोकं पडलेली असत. त्यांचा बाप, म्हणजे माझा आजा, पाटलाच्या शेतात राबलेला माणूस. धम्म घेतला तेव्हा आज्यानं घरातले सगळे देव टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली, पैनगंगेपर्यंत चालत गेला आणि नदीत सोडून दिले. परत येताना त्याचं डोकं इतकं हलकं लागत होतं की वाटेत दोनदा त्यानं हात वर करून चाचपून पाहिलं, असं बाबा सांगत. ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली होती. संध्याकाळी भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे मेणबत्ती लागे, बाबा खणखणीत आवाजात वंदना म्हणत, मागून आम्ही. आक्काला पूर्ण श्वास पुरत नसे, ती मधली एक ओळ सोडून पुढची धरायची. वस्तीतल्या विहाराच्या समितीचे बाबा सचिव होते. अंगारा, गंडादोरा, कौल यांवर बोलायला उभे राहिले की म्हातारी माणसंही मान खाली घालून ऐकत. माझ्या वक्तृत्वाच्या स्पर्धेसाठी अंधश्रद्धेवरचं भाषण त्यांनीच लिहून दिलं होतं. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, हेही त्यांनीच शिकवलं.

आक्काच्या छातीतली झडप खराब होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यातून ते झालं, असं आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन हैदराबादला, आणि तिथला नंबर संक्रांतीनंतरचा. तोवर गोळ्या, विश्रांती आणि मीठ बंद. माय मग एकाच चुलीवर दोन भाज्या करू लागली. आक्काच्या वाटची अंबाडीची भाजी आधी काढून ठेवायची, मग आमच्या भाजीत मिठाचा खडा पडायचा. पहिल्या दिवशी आक्कानं घास तोंडात घेतला आणि नुसतीच बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाबांनी आपलं ताट बाजूला सारलं आणि मायला म्हणाले, "मलेबी हेच वाढ." त्या दिवसापासून ते अळणी जेवले. ज्वारीची भाकर अळणी, वरण अळणी. मी मात्र खारट भाजी खात होते, आणि खाताना मला त्या दोघांचा राग यायचा. आज लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. दोघांचं एक काहीतरी जुळलं होतं आणि मी त्याच्या बाहेर होते. माझं भाषण ऐकायला बाबांना वेळ नव्हता. म्हणून दाखवू का विचारलं की म्हणत, "उद्या, बाई. आज तुया आक्काचे पाय सुजले हायेत."

पावसाळा सरत आला होता. बाबांच्या उजव्या हाताच्या बोटाला एक दिवस पट्टी आली. "दाभण लागलं," म्हणाले. आठ दिवस झाले, पंधरा झाले, पट्टी तशीच. आंघोळीनंतर कोरडी पट्टी बांधलेली असे, आणि बांधायला माय मदत करायची. मी विचारलं तर माय म्हणाली, "पिकलं हाय. तू आपला अभ्यास कर." मग एका रविवारी दुपारी मी शेजारून लवकर घरी आले. दार लोटलेलं होतं. आतल्या खाटेवर आक्का निजली होती आणि बाबा खाटेच्या काठावर बसून दातानं पट्टीची गाठ सोडवत होते. पट्टीखाली जखम नव्हती. चांदीची अंगठी होती आणि अंगठीत हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळा खडा. बाबांनी तो हात आक्काच्या छातीवर ठेवला, जिथे धडधड कपड्यावरूनही दिसायची तिथे, खडा अंगाला टेकेल असा. आणि डोळे मिटून बसले. ओठ हलत होते. वंदना म्हणत होते की नुसतेच ठोके मोजत होते, कोण जाणे. माझ्या आयुष्यात मी कुणाला एवढं कुणाच्या जवळ बसलेलं पाहिलं नाही. पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि मला जवळपण दिसलं नाही. मला खडा दिसला. सगळ्या जगाला शहाणपण शिकवणारा माझा बाप पट्टीखाली खडा घालतो, एवढंच माझ्या डोक्यात घुसलं.

त्या खड्याची हकीगत मायनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. आदिलाबादच्या दवाखान्यातून परतताना बस स्टँडबाहेर एक माणूस लाल कपड्यावर खडे मांडून बसला होता. बाबा आधी पुढे गेले, मग थांबले, मग मागे आले. त्या माणसानं आक्काकडे एकदाच पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "बच्ची का दिल कमज़ोर है, उस से ये सहा नहीं जाएगा. बाप पहने. ऑपरेशन तक उतारना मत." मायच्या जोडव्यांची चांदी आटवून अंगठी झाली. बाबा मायला म्हणाले होते, "मले माहीत हाय हे खोटं हाय. पण संक्रांतीपर्यंत मी काय करू, थे सांग." हे वाक्य मला त्या वेळी कुणी ऐकवलं असतं तर मी काही वेगळं वागले असते का, याचा विचार मी अजून करते. मला खात्री नाही.

पुढच्या रविवारी विहारात मुलांचा वर्ग होता. वर्ग घेत वामनकाका, निवृत्त मास्तर, समितीचे अध्यक्ष, बाबांचे जिवलग. बाबा मागे भिंतीपाशी बसून सभेची वही लिहीत होते, पट्टीचं बोट पेनापासून लांब धरून. वामनकाकांनी विचारलं, "चौथं शील कोण सांगते?" मी उभी राहिले. खोटं बोलणार नाही, असं मोठ्यानं सांगितलं. "शाबास. मंग आता सगळे खरं सांगा. अजून कोणाकोणाच्या घरी अंगारा, दोरा, लिंबू हाय?" पोरं खिदळली. एकानं सांगितलं, आमची आजी म्हशीच्या गळ्यात लिंबू बांधते. सगळे हसले, वामनकाकाही हसले. मी अजून उभीच होते. मागे वळून मी बाबांकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, "आमच्या घरी."

"काय हाय वं तुमच्या घरी?" काकांना वाटलं, गंमत करते.

"खडा. बाबाच्या बोटाले. पट्टीखाली."

मी खोटं बोलणार नाही म्हणून बोलले, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. तेवढंच नव्हतं. मला सगळ्यांनी माझ्याकडे पाहायला हवं होतं, आणि बाबांनी तर हवंच होतं. त्यांनी पाहिलं. पेनाला टोपण लावलं, वही मिटली, उठून पुढे आले आणि सगळ्यांसमोर पट्टी सोडू लागले. गाठ सुटेना. डाव्या हातानं सुटेना म्हणून दातानं ओढू लागले, तशी पहिल्या रांगेतली दोन पोरं हसली. पट्टी सुटली. खालची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

"भाऊ, तुमी?" वामनकाका म्हणाले.

"पोरगी खरं बोलली," बाबा म्हणाले.

वामनकाका वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळ्यांना म्हणाले, "भाऊले कोणी बोल लावाचा नाही. बापाचं मन हाय. आपण असं करू, पुढच्या रविवारी सगळे मिळून नदीवर जाऊ. यायच्या बापानं जिथं देव सोडले, तिथंच यायनं खडा सोडावा. लेकरायलेबी शिकाले भेटल." सगळ्यांना ते पटलं. बायकांनी मान हलवली, एका म्हाताऱ्यानं बाबांच्या पाठीवर हात ठेवला. कुणाच्याही मनात काळं नव्हतं, आणि म्हणूनच मला आजवर कुणावर राग धरता आला नाही. राग धरायला माणूस सापडला असता तर किती बरं झालं असतं.

घरी मला कुणी रागावलं नाही. माय चुलीपाशी बसून होती. आठवडाभर घरात भांड्यांचे आवाज तेवढे होते. चांदीचा काय दोष, ती घरात राहू द्या, असं समितीतलं कुणीतरी म्हणालं, म्हणून शनिवारी बाबांनी कचेरीतलं दाभण घरी आणलं आणि उंबऱ्यात बसून अंगठीतून खडा उकरून काढला. आक्का सूप घेऊन समोरच बसली होती. काढलेला खडा त्यांनी तळहातावर घेतला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पाहू." तिनं तो उन्हात धरला, चिमटीत फिरवला आणि परत देताना हसत म्हणाली, "माया डब्यात टाकला असता तं खपून गेला असता." बाबांनी तो कागदात बांधून खिशात ठेवला. तिनं सुचवलेलं त्यांनी ऐकायला हवं होतं. दुसरा कुठलाही एक तांबूस खडा कागदात बांधून नदीत टाकला असता, कुणाला कळलं नसतं. पण खोटं बोलायचं नाही हे आम्हाला ज्यानं शिकवलं तो माणूस तेवढंही खोटं वागू शकला नाही.

रविवारी ट्रॅक्टर ठरला. आम्ही पोरं ट्रॉलीत, गाणी म्हणत, मांडीवर चिवड्याचे पुडे. आक्का आणि माय घरी राहिल्या. नदीला पाणी होतं, लालसर, वेगात जाणारं. काठावर एक जांभळीचं झाड होतं आणि त्याच्या अलीकडे मोठा खडक. त्या खडकावर उभं करून वामनकाकांनी मला भाषण करायला लावलं. तेच भाषण, बाबांनी लिहिलेलं. बाबा खाली पाण्यात उभे होते, धोतर वर खोचलेलं, गुडघाभर पाणी. जिथे थांबायचं तिथे मी थांबले, जिथे हात वर करायचा तिथे केला. ते भाषण बाबांनी पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. मग त्यांनी कागद सोडला आणि हात मागे नेऊन खडा फेकला. खडा एवढासा, पाण्यात पडल्याचा आवाजही आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा तसेच पाण्यात उभे राहिले, आणि वामनकाकांनी दोनदा हाक मारल्यावर बाहेर आले.

दोन-तीन दिवसांनी मी आक्काजवळ बसले होते. दुपार होती. तिनं डोळे मिटले होते, मला वाटलं झोपली. मी उठू लागले तशी ती म्हणाली, "मी झोपत नव्हती वं तवा."

"कवा?"

"बाबा खडा लावाचे तवा. मी जागीच राहाची. थंड लागे. मी झोपीचं सोंग घेऊन राहाची." तिनं थोडा दम घेतला. "खड्यानं काई होत नाही, मलेबी समजते. पण बाबा घंटा घंटा बसून राहाचे ना मायापाशी. आता येतच नाहीत, पाह्य."

खरंच येत नव्हते. दाराशी येत, औषध घेतलं का विचारत आणि परत फिरत. जेवत तिच्याच पंगतीला, अळणीच, पण खाटेच्या काठावर पुन्हा बसले नाहीत. रिकामा हात घेऊन तिच्यापाशी बसायचं कसं, हे त्यांना कळेनासं झालं असावं. मी आक्काला म्हणाले, "तू काऊन नाही सांगितलं मले आधी?" ती म्हणाली, "तू इचारलं कुठं? तू तं भाषण पाठ करून राह्यली होती." ती चिडून बोलली नाही. तिनं माझा हात घेतला आणि आपल्या छातीवर ठेवला. तिथे खाली काहीतरी अडकून तडफडत असल्यासारखे ठोके पडत होते. मी घाबरून हात काढून घेतला.

कापूस वेचणीचे दिवस आले आणि आक्का गेली. संक्रांतीला महिनाही उरला नव्हता. सकाळी तिला श्वास घेववेना, म्हणून बाबा आणि मी तिला घेऊन आदिलाबादच्या बसमध्ये बसलो. कंडक्टरनं पुढची जागा मोकळी करून दिली. तिचं डोकं बाबांच्या खांद्यावर होतं. अर्ध्या वाटेत तिनं डोळे उघडून एकदा बाबांच्या हाताकडे पाहिलं, आणि बाबांनी तो हात तिच्या छातीवर ठेवला. बोटावर पट्टीचा फिकट वळ अजून दिसत होता. आदिलाबाद यायच्या आधीच ते संपलं होतं. बाबांनी हात काढला नाही, बसमध्ये कुणाला सांगितलंही नाही. मला कळलं तेही त्यांच्या तोंडाकडे पाहून. स्टँड आला, लोक उतरले, आणि आम्ही तिघं बसून राहिलो.

मायनं मला आयुष्यात एकदाच विचारलं. दुखवट्याचे दिवस सरल्यावर सूप आता माझ्याकडे आलं होतं. मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते, खडे कुठे टाकावेत ते कळेना म्हणून मुठीत धरून ठेवले होते. माय मागून आली, आक्काचा पावडरचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तुले बोलाचंच होतं का माय?" मग चुलीकडे निघून गेली. बाबांनी एवढंही विचारलं नाही. विहाराची वही त्यांनी वामनकाकांच्या घरी नेऊन दिली. कुणी त्यांना खड्यासारखं बाजूला काढलं नाही, उलट काका चार वेळा घरी आले, हात धरून म्हणाले, "भाऊ, चला." बाबा म्हणत, "येतो." गेले नाहीत. संध्याकाळची मेणबत्ती ते लावत, पण वंदना म्हणताना आवाज निघत नसे. मीठ त्यांनी पुन्हा खाल्लंच नाही.

खड्यानं आक्का वाचली असती, असं मी तेव्हा मानलं नाही आणि आजही मानत नाही. झडप खराब होती, नंबर उशिरा होता. पण बाबा ते मानत होते, हे मला त्यांच्या पाठीकडे पाहूनही कळे. लोकांसाठी आपण आपल्या हातानं पोरगी नदीत टाकली, असं त्यांना वाटत होतं. आणि मला माफी मागता येईना. माफी मागितली तर खड्यात ताकद होती हे कबूल केल्यासारखं होणार, त्यांच्या मनातलं ते भूत मीच खरं करणार. न मागावी तर त्यांना वाटणार, पोरीला काहीच वाटत नाही. किती वेळा मी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. ते वर पाहत आणि म्हणत, "काय पाह्यजे बाई?" मी म्हणायची, काही नाही. असं करता करता मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन बोथ गावी गेले. आम्ही एकमेकांशी पावसापाण्याचं, माझ्या बदल्यांचं बोललो. तेवढ्यावर आयुष्य निघालं.

बाबा निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. माय म्हातारी झाली होती, आता तिचीच कंबर वाकली होती. कपडे धुताना तिनं बाबांच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला आणि मूठभर खडे काढले. पांढरे, तपकिरी, एकदोन पिवळट. उठली आणि आक्काच्या डब्यात टाकून आली. डबा गच्च भरला होता, शेजारी दुसराही होता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "उन्हाळ्यात नदी आटते ना. तुया बाप दर दोन दिसाआड बसनं जाते. डांगरं पाह्यले जातो म्हणते. डांगर तं एकबी आणलं नाही आजवर."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागच्या बसनं गेले. पैनगंगा आटून मधोमध एक धार राहिली होती, बाकी सगळं पात्र खड्यांचं, नजर पोचेल तिथवर. लांबवर डांगरांच्या, म्हणजे टरबुजांच्या, वाड्या हिरव्या दिसत होत्या. बाबा भर उन्हात उकिडवे बसले होते, डोक्यावर पंचा, आणि एकेक खडा उचलून डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते. नको असलेला डावीकडे ठेवत, नंतर पाहायचा तो उजवीकडे. मी अगदी जवळ गेले तेव्हा त्यांना चाहूल लागली. दचकले नाहीत. "ऊन लागंल तुले," म्हणाले.

मी उभीच राहिले. मला वाटलं आता बोलावं, आता नाही तर कधीच नाही. पण तेच आधी बोलले, खाली पाहतच. "मित्रा, तवा पाणी कुठवर होतं वं? तू तं वर खडकावर होती. तुले दिसलं असंल."

मला सगळं दिसलं होतं. ते जागेपणी तर दिसायचंच, झोपेतही दिसायचं. मी म्हणाले, "तुमी त्या जांभळीसमोर उभे होते, बाबा. गुडघाभर पाण्यात. आन तिकडं फेकला, खडकाच्या अंगाले."

त्यांनी मान वर करून जांभळीकडे पाहिलं. ती आम्ही होतो तिथून पुष्कळ खाली होती, शंभर पावलं तरी, आणि मधल्या काठावर तसे खडक बरेच होते.

"मंग इतके वर्सं मी गलत जागी पाहून राह्यलो," म्हणाले.

त्यांना उठवेना. मी हात दिला, त्यांनी धरला. आम्ही जांभळीसमोर गेलो, खडकाच्या अंगाला. बाबा बसले. मी पदर खोचला, त्यांच्या शेजारी बसले आणि पहिला खडा उचलून उन्हात धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त थोडं सरकून मला जागा करून दिली. शेवटची बस पाचला होती, तोवर आम्ही दोघं निवडत राहिलो.